वाचकांचे प्रश्न : छेद घालवताना उत्तर कुठे चुकतं?

या वेळी गणिताचे प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं एकाच वळणावर अडलेली निघाली: अपूर्णांक असलेलं समीकरण. त्यामुळे उत्तरंही तिथेच जास्त रेंगाळली आहेत. छपाईच्या सोयीसाठी अपूर्णांक तिरक्या रेघेने लिहिले आहेत आणि शोधायच्या संख्येला क्ष म्हटलं आहे. वहीत मात्र अपूर्णांकाची रेघ आडवीच काढा. ती आडवी का, हे दुसऱ्या उत्तरात कळेल.

नातू आठवीत आहे, हिंदी माध्यम. मी ‘छेद’ म्हटलं की तो ‘हर’ म्हणतो, मी ‘लसावि’ म्हटलं की तो ‘समापवर्त्य’. तरी आमचं जमतं. पण परवा त्याने विचारलं, संख्या पलीकडे गेली की तिचं चिन्ह का बदलतं? मला शाळेत एवढंच सांगितलं होतं की बदलतं. आता काय सांगू?
– एक आजी, रामबाग

आजी, नातवाने नेमकं बोट ठेवलं आहे. संख्या पलीकडे जातच नाही, हे त्याला सांगा.

३क्ष + ७ = २२ घ्या. बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजूचा काटा मधोमध उभा आहे. डाव्या पारड्यातून ७ उचलले तर काटा कलेल, म्हणून उजव्यातूनही ७ उचलायचे. पूर्ण लिहिलं तर अशी ओळ होते: ३क्ष + ७ − ७ = २२ − ७. डावीकडे ७ − ७ शून्य झालं, उजवीकडे ‘− ७’ दिसत राहिला. ही मधली ओळ गाळून पुढची लिहिली की ७ उडी मारून पलीकडे गेला आणि जाताना चिन्ह बदलून गेला असं वाटतं. ‘पक्षांतर’ हे या गाळलेल्या ओळीचंच नाव आहे.

पाठ केलेला नियम नडतो तो पुढच्या पायरीला. ३क्ष = १५ झालं. ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ एवढंच डोक्यात असलेला मुलगा क्ष = १५ − ३ = १२ लिहितो. दुसरा एखादा क्ष = १५/(−३) = −५ लिहितो. दोघांनीही नियम पाळलाय आणि दोघंही चुकलेत. ३ हा क्षला गुणाकाराने चिकटलेला आहे, तो भागाकारानेच सुटेल: दोन्ही बाजूंना ३ ने भागा, क्ष = ५. तसंच −४क्ष = २० असेल तर −४ ने भागायचं, उणे चिन्हासकट. उत्तर −५. इथे ‘चिन्ह बदलून’ २०/४ = ५ लिहिणारे पुष्कळ सापडतात.

आधी ७ का काढायचे, आधी ३ ने का भागायचं नाही, असंही तो विचारेल. भागता येतं, पण मग प्रत्येक पद भागावं लागतं: क्ष + ७/३ = २२/३. बरोबर आहे, पण विनाकारण अपूर्णांक घरात घेतले. आणि घाईत क्ष + ७ = २२/३ लिहिलं, म्हणजे ७ ला भागायचं राहिलं, तर उत्तर गेलंच. म्हणून आधी बेरीज-वजाबाकी सोडवा, मग गुणाकार-भागाकार.

घरी करून घ्यायचं असेल तर सुरुवातीला प्रत्येक ओळीच्या उजव्या समासात त्याला लिहायला लावा: ‘दोन्हीकडून − ७’, ‘दोन्हीकडे ÷ ३’. कंटाळेल, पण पंधरा-वीस गणितांनंतर ही सवय आपोआप सुटते आणि समज मात्र टिकते.

शब्दांचं म्हणाल तर दोन्ही बरोबर. छेद म्हणजे हर, लसावि म्हणजे लघुत्तम समापवर्त्य, चल म्हणजे चर, तिरकस गुणाकार म्हणजे वज्रगुणन. एका शब्दाशी जपून: हिंदीत अपूर्णांकाला ‘भिन्न’ म्हणतात. इंदूरच्या मराठी घरात ‘भिन्न संख्या’ म्हटलं की मोठ्यांना वेगवेगळ्या संख्या वाटतात आणि मुलाला अपूर्णांक. गणित नीट येत असून गोंधळ होतो.

(३क्ष − १)/४ − (क्ष − २)/६ = ३ हे समीकरण मी तीनदा सोडवलं. तिन्ही वेळा १०/७ आलं. पुस्तकात उत्तर ५ आहे. पुस्तक चुकलंय का?
– इयत्ता आठवीचा विद्यार्थी, राजेंद्र नगर

पुस्तक बरोबर आहे. तुझं उत्तर पाहूनच तू काय केलंस ते सांगता येतं, म्हणून हे पत्र आम्हाला फार आवडलं. तुझ्या हातून दोन चुका झाल्यात, आणि तिन्ही वेळा त्याच दोन.

आधी बरोबर रीत बघ. छेद ४ आणि ६, त्यांचा लसावि १२. समीकरणातल्या प्रत्येक पदाला १२ ने गुणायचं. प्रत्येक म्हणजे उजवीकडच्या एकट्या ३ लासुद्धा.

१२ × (३क्ष − १)/४ इथे बाराला चाराने भाग जातो, उरतात ३. म्हणून ३(३क्ष − १).
१२ × (क्ष − २)/६ इथे उरतात २. म्हणून २(क्ष − २).
१२ × ३ = ३६.

ओळ झाली: ३(३क्ष − १) − २(क्ष − २) = ३६.

आता कंस सोड: ९क्ष − ३ − २क्ष + ४ = ३६. म्हणजे ७क्ष + १ = ३६, ७क्ष = ३५, क्ष = ५.

पहिली चूक: तू उजवीकडे ३६ च्या ऐवजी ३ च ठेवलास. ‘त्याला छेद नाही, मग गुणायचं कशाला?’ असं मनात येतं. पण १२ ने गुणणं म्हणजे दोन्ही पारड्यांतलं सगळं वजन बारापट करणं. ज्या वजनाला छेद नव्हता ते तसंच ठेवलं तर काटा कलणारच.

दुसरी चूक: −२(क्ष − २) चं तू −२क्ष − ४ केलंस. बाहेरचा −२ आतल्या दोन्ही पदांना गुणतो, आणि (−२) × (−२) = +४. ही चूक अपूर्णांकाच्या समीकरणांत जास्त होते, आणि त्याला कारण आहे. मूळ गणितात आडवी रेघच कंसाचं काम करत असते. (क्ष − २)/६ यात वहीत कंस काढलेला नसतो, अख्खा ‘क्ष − २’ रेघेवर बसलेला असतो. छेद गेला की रेघ गेली आणि तिच्याबरोबर तो न दिसणारा कंसही गेला. म्हणून गुणण्यापूर्वीच, मूळ समीकरण उतरवून घेतानाच, प्रत्येक अंशाला पेन्सिलीने कंस घाल. अंशात एकच पद असेल तर गरज नाही. दोन पदं असतील तर कंस हवाच, आणि आधी वजाबाकीचं चिन्ह असेल तर तो गाळायचाच नाही.

आता गंमत बघ. फक्त पहिली चूक झाली असती तर ७क्ष + १ = ३, म्हणजे २/७ आलं असतं. फक्त दुसरी झाली असती तर ७क्ष − ७ = ३६, म्हणजे ४३/७. दोन्ही एकत्र झाल्या की ७क्ष − ७ = ३, आणि तुझे १०/७. चुकलेलं उत्तर खोडून टाकू नकोस. त्याच्याकडे बघितलं तर हात कुठे घसरला ते कळतं.

तीनदा सोडवून तेच उत्तर आलं म्हणजे ते तपासलं गेलं असं नाही. त्याच वाटेने तिसऱ्यांदा गेलास एवढंच. ताळा मूळ समीकरणात घ्यायचा. क्ष च्या जागी ५ ठेव: (१५ − १)/४ = १४/४ = ७/२. (५ − २)/६ = १/२. ७/२ − १/२ = ३. जमलं. आपण तयार केलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत किंमत घालून ताळा घेऊ नये, कारण चूक त्याच ओळीत असेल तर ताळाही बिनबोभाट जमतो.

लसावि सापडला नाही तर? चार आणि सहाचा सरळ गुणाकार २४ घेतलास तरी चालतं: ६(३क्ष − १) − ४(क्ष − २) = ७२, १४क्ष + २ = ७२, क्ष = ५. आकडे मोठे होतात, एवढाच तोटा.

मुलगी सातवीत आहे. ‘क्ष/२ + क्ष/३ सोपे रूप द्या’ या प्रश्नात तिने ६ ने गुणून ३क्ष + २क्ष = ५क्ष लिहिलं. समीकरणात छेद असाच घालवतात ना, मग इथे शून्य गुण का?
– एक पालक, लोकमान्य नगर

कारण इथे बरोबरचं चिन्हच नाही. समीकरणाला दोन बाजू असतात, म्हणून दोन्ही सहापट केल्या तरी तोल राहतो. ‘क्ष/२ + क्ष/३’ ही नुसती राशी आहे. तिला ६ ने गुणलं की ती राशीच सहापट झाली. इथे छेद घालवायचा नसतो, सारखा करायचा असतो: ३क्ष/६ + २क्ष/६ = ५क्ष/६. क्ष = ६ घालून मुलीला दाखवा: ३ + २ = ५, आणि तिच्या उत्तराप्रमाणे ३०. गुण पूर्ण कापणं जरा कडक वाटतं, पण चूक साधी नाही.

तिरकस गुणाकार कधी करायचा आणि कधी नाही? मुलं जिथे-तिथे करतात.
– शिकवणी घेणाऱ्या एक ताई, सुदामा नगर

एका बाजूला एकच अपूर्णांक आणि दुसऱ्या बाजूलाही एकच, तेव्हाच. (२क्ष + १)/५ = (क्ष − १)/२ इथे चालतो: २(२क्ष + १) = ५(क्ष − १), ४क्ष + २ = ५क्ष − ५, क्ष = ७. ताळा: १५/५ = ३, ६/२ = ३.

पण क्ष/३ + २ = क्ष/२ इथे मुलं ‘२क्ष + २ = ३क्ष, क्ष = २’ करून मोकळी होतात. ताळा घ्या: डावीकडे २/३ + २ = ८/३, उजवीकडे १. मधला सुटा २ गुणायचा राहिला. सगळ्याला ६ ने गुणलं की २क्ष + १२ = ३क्ष, क्ष = १२; ४ + २ = ६, दोन्हीकडे ६. आमचं मत विचाराल तर तिरकस गुणाकार उशिरा शिकवावा. तो लसाविच्या रीतीचाच एक आखूड प्रकार आहे. लांब वाट पायाखालची झाल्यावर आखूड वाट दाखवली की मुलं भरकटत नाहीत.

वरच्या वर्गातल्या मुलांसाठी एक सावधगिरी. क्ष छेदात असेल तर आधीच लिहून ठेवायला सांगा की तो छेद शून्य होता कामा नये. क्ष/(क्ष − ३) + २ = ३/(क्ष − ३) घ्या. (क्ष − ३) ने गुणलं: क्ष + २क्ष − ६ = ३, म्हणजे क्ष = ३. ओळी सगळ्या बरोबर, पण ३ घातले की मूळ समीकरणात छेद शून्य. म्हणून या समीकरणाला उकलच नाही. ताळा मूळ समीकरणातच का, त्याचं हे दुसरं कारण.

सोडवता-सोडवता क्ष नाहीसाच झाला, ६ = ६ उरलं. उत्तर काय लिहू? आणि ५क्ष = ० असेल तर ‘उत्तर नाही’ लिहायचं का?
– विद्यार्थिनी, टिळक नगर

२(क्ष + ३) = २क्ष + ६ अशातून ६ = ६ येतं. याचा अर्थ क्ष कोणताही घाल, दोन्ही बाजू सारख्याच. ‘सर्व किमतींसाठी सत्य’ असं लिही. शेवटी ६ = ९ असं खोटं विधान उरलं तर ‘उकल नाही’. ५क्ष = ० मध्ये दोन्ही बाजूंना ५ ने भाग, क्ष = ०. शून्य हे उत्तर आहे, उत्तर नसणं नव्हे.

शाब्दिक उदाहरणात समीकरण मांडताच येत नाही. हे बघा: ‘एक गाडी ताशी ४० किमी वेगाने गेली, त्याच रस्त्याने ताशी ६० ने परत आली. जाऊन-येऊन २ तास १५ मिनिटं लागली. अंतर किती?’ सरासरी ५० धरली तर उत्तर जुळत नाही.
– दहावीच्या मुलाचे वडील, वैशाली नगर

सरासरी ५० धरता येत नाही, कारण गाडी कमी वेगाने जास्त वेळ चालली. वेग नाही, वेळ मिळवायचा.

मांडणीपूर्वी दोन ओळी शब्दांत लिहायला लावा. पहिली: ‘क्ष म्हणजे एका बाजूचं अंतर, किलोमीटरमध्ये.’ नुसतं ‘क्ष धरू’ नको. क्ष म्हणजे काय आणि कशात मोजलेलं, दोन्ही हवं. दुसरी: ‘जायचा वेळ + यायचा वेळ = एकूण वेळ.’ मग शब्दांच्या जागी अक्षरं येतात. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, म्हणून

क्ष/४० + क्ष/६० = ९/४

९/४ कसे? २ तास १५ मिनिटं म्हणजे सव्वादोन तास. इथे मोठा खड्डा आहे: मुलं २.१५ लिहितात. पंधरा मिनिटं म्हणजे तासाचा पाव, ०.१५ नव्हे, ०.२५. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द ज्या घरात अजून रोज बोलले जातात तिथली मुलं हा खड्डा सहज चुकवतात. सव्वादोन म्हटलं की पाव कानावर पडतोच.

४०, ६० आणि ४ यांचा लसावि १२०. प्रत्येक पद गुणा: ३क्ष + २क्ष = २७०. क्ष = ५४ किमी. ताळा: ५४/४० म्हणजे १.३५ तास, ५४/६० म्हणजे ०.९ तास, मिळून २.२५. सरासरी ५० धरून ५६.२५ येतं आणि २.१५ लिहून ५१.६. दोन्ही चुकीची उत्तरं खऱ्या उत्तराच्या इतकी जवळ की नजरेने पकडली जात नाहीत. इंदूर ते उज्जैन साधारण ५५ किलोमीटर आहे, त्यामुळे तिन्ही आकडे खरेच वाटतील. म्हणून अंदाज घ्या, पण ताळा सोडू नका.

दशांश चिन्ह असेल तर? ०.२५क्ष + १.५ = ४. – एक वाचक, देवास

१०० ने गुणा: २५क्ष + १५० = ४००, क्ष = १०. सगळ्यात लांब दशांश दोन घरांचा आहे, म्हणून १००, आणि १.५ चे १५० होतात, १५ नव्हे.

आमच्या लहानपणी वडील ‘क्ष’ न मांडता अशी गणितं तोंडी सोडवत. ती रीत कोणती?
– निवृत्त वाचक, नारायण बाग

बहुधा इष्टकर्म. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सन ११५०) कमळांचं प्रसिद्ध उदाहरण आहे: कमळांच्या राशीचा तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा भवानीला वाहिला आणि उरलेली सहा गुरूंना दिली, तर एकूण किती?

क्ष न मांडता एक सोयीची संख्या धरायची. ६० धरू, कारण ३, ५, ६ आणि ४ या चारही संख्यांनी तिला भाग जातो. वाटे झाले २०, १२, १० आणि १५, मिळून ५७, उरली ३. उरायला हवी होती ६, म्हणजे दुप्पट. म्हणून कमळंही दुप्पट: १२०. बारकाईने बघितलंत तर धरलेले ६० म्हणजे छेदांचा लसाविच आहे. मधे कुठे ‘सूर्याला सहावा भाग आणि वर दोन फुलं’ असं सुटं काही आलं तर ती दोन आधी शेवटच्या सहांत मिळवायची, नाहीतर प्रमाण बिघडतं. तेव्हा उत्तर १६० येईल.

अक्षर मांडून सोडवण्याची रीतही भास्कराचार्यांना अवगत होती. अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणत, थोडक्यात ‘या’. सुट्या संख्येला ‘रू’, म्हणजे रूप. दोन्ही बाजू शेजारी-शेजारी नव्हे, एकीखाली एक लिहीत. आज आपण वापरतो ते = चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये इंग्लंडात छापलं.

सरावाला चार गणितं द्या, उत्तरांसकट. – बरेच जण

१) ४ − ३(क्ष − २) = १. उत्तर ३. उत्तर −१ आलं तर कंस सोडताना दुसऱ्या पदाचं चिन्ह राहिलं.

२) क्ष/४ − (क्ष − १)/६ = १. उत्तर १०. तुमचं १४ आलं तर न दिसणारा कंस विसरलात. −१ आलं तर उजवीकडच्या १ ला बाराने गुणलं नाहीत. ३ आलं तर दोन्ही.

३) (२क्ष − १)/३ = (क्ष + ७)/४. उत्तर ५. इथे तिरकस गुणाकार बिनधास्त करा.

४) क्ष/२ + क्ष/३ + १ = क्ष. उत्तर ६. दोन सुटी पदं आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही सहाने गुणली गेली का ते बघा.